बारकी फाइल

शैलाताई कांबळेंना कुणी नवा व्हिडिओ दाखवायला गेलं की त्या पडद्याकडं बघायच्याच नाहीत. आधी दाखवणाऱ्याकडं बघायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, “कुणासाठी हाय ह्यो?” बहुतेकांना उत्तर देता यायचं नाही. ‘वेबसाइटसाठी’ म्हटलं की त्या म्हणायच्या, “वेबसाइट काय बघत नसती. माणूस बघतो. कुठला माणूस?”

मी एका दैनिकातली नोकरी सोडून शैलाताई होत्या त्या राजारामपुरीतल्या व्हिडिओ स्टुडिओत पटकथा लिहायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. एका सराफाची जाहिरात चालू होती आणि मी मागं उभा राहून ‘छान आहे’ म्हणालो होतो. शैलाताईंनी खुर्ची वळवली. “तुम्हाला छान वाटतंय, कारण तुम्ही बावीस इंची पडद्यावर बघायलाय. हेच राधानगरीच्या बाईनं फोनवर बघितलं तर तिला दागिना दिसणार न्हाय, नुसता पिवळा गोळा दिसणार.” एवढं बोलून त्या परत कामाला लागल्या. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. पुढची सहा वर्षं त्या मला ‘ओ लेखक’ अशीच हाक मारत राहिल्या, आणि त्यात आदर अजिबात नव्हता.

स्टुडिओ रणजितसाहेबांचा. साहेबांना मोठं दिसण्याची भारी हौस. कॅमेरा मोठा, ड्रोन मोठा, ऑफिसातला टीव्ही भिंतभर. आलेल्या पाहुण्याला ते सगळं फिरवून दाखवायचे आणि शेवटच्या टेबलापाशी आले की म्हणायचे, “ह्या आमच्या शैलाताई, अपलोडचं बघतात.” स्वयंपाक करणाऱ्या बाईची ‘ह्या ताटं मांडतात’ अशी ओळख करून द्यावी, तसं ते होतं. बाकीच्यांनी चित्रित केलेला, कापलेला, सजवलेला व्हिडिओ शेवटी शैलाताईंकडं यायचा. तो इतका जड असायचा की साध्या फोनवर उघडलाच नसता. त्याला हलका करायचा, पण चेहरा, अक्षर, वस्तू शाबूत ठेवायची, हे त्यांचं काम. कंपनीच्या छापील माहितीपत्रकात या कामाचा उल्लेख कुठंही नव्हता.

हे काम त्या शिकल्या कुठं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी त्या कागलमध्ये एका फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलनं दुरुस्तीचं काम करायच्या. नवरीच्या गालावरचा डाग घालवायचा, पण तीळ ठेवायचा. “डाग आणि तीळ ह्यातला फरक कळाला की झालं,” असं त्या म्हणायच्या. पुढं केबलचा चॅनेल, मग हा स्टुडिओ. त्या स्वतःबद्दल ‘मी आलो, मी बघितलो’ असंच बोलायच्या, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं. मुंबईहून आलेल्या एका एडिटरनं त्यावर हसून बघितलं. शैलाताईंनी त्याच्या सगळ्या व्हिडिओंत किती फ्रेम फुकट गेल्यात ते सर्वांसमोर वाचून दाखवलं. परत तो हसला नाही.

त्यांचा फोन जुना होता, पडद्याला कोपऱ्यातून तडा गेलेला. मुलानं नवा आणून दिला तो त्यांनी कपाटात ठेवला. तयार झालेला प्रत्येक व्हिडिओ त्या संध्याकाळी कागलच्या एसटीत बसून त्या फोनवर बघायच्या. गाडी महामार्गाला लागली की नेटवर्क येतं-जातं, शिरगावच्या पुढं तर पडद्यावर नुसतं गोल फिरतं. तिथं जो व्हिडिओ चालला तो पास. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी खुंटीला अडकवता अडकवता निकाल सांगायच्या. “सराफ चालला. हॉटेल अडकलं. शाळेचं ॲडमिशन दिसलं, पण फोन नंबर वाचता आला न्हाय. मग ॲडमिशन कशाला करतायसा?”

साहेबांना या एसटीच्या परीक्षेचा मनस्वी राग. ते म्हणायचे, आपले क्लायंट एसटीनं जात नाहीत. शैलाताई म्हणायच्या, क्लायंट न्हाय जात, त्यांचं गिऱ्हाईक जातंय.

एका साखर कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस होता. सभासद शेतकऱ्यांना मोबाइलवर दिसेल असा दहा मिनिटांचा संदेश हवा होता. साहेबांनी चेअरमनना उभ्या उसात नेऊन उभं केलं. वारा सुटलेला, मागं सगळा फड डोलत होता, वरून ड्रोन. मोठ्या टीव्हीवर ते खरंच झकास दिसलं, चेअरमननी स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग फाइल शैलाताईंकडं आली. त्यांनी एकदा बघितली आणि सांगितलं, “पाला हलतोय.”

“मग?” साहेब म्हणाले.

“भिंत एकदा दाखवली की परत परत धाडावी लागत न्हाय. जे हलतंय तेवढंच धाडायला लागतंय. हितं लाखभर पानं हलतायत. फाइल बारकी केली की सगळी जागा पाला खाणार. चेअरमनच्या तोंडाला काय उरत न्हाय.”

“तोंड महत्त्वाचं आहे.”

“मग तोंड भिंतीपुढं न्यायचं. अर्धा तास लागतोय.”

चेअरमनना परत बोलवायचं साहेबांना धाडस झालं नाही. वाढदिवशी तो संदेश बाहेर पडला. उसाचं पानन्‌पान दिसत होतं आणि चेअरमनच्या चेहऱ्याच्या जागी तांबूस चौकोन एकमेकांवर सरकत होते. एका सभासदानं म्हणे फोन करून विचारलं, हे नेमकं बोलतंय कोण. साहेबांनी दोष नेटवर्कला दिला. शैलाताईंनी कुणालाच दिला नाही, फक्त त्या दिवशी डबा खाताना दोनदा स्वतःशीच म्हणाल्या, “उसाचा वाढदिवस झाला.”

त्यांच्या तिरस्काराला भेदभाव नव्हता. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या सामन्याचा व्हिडिओ साहेबांनी घाईत स्वतःच बारीक करून वेबसाइटवर टाकला, तेव्हा नेमका गोलरेषेवर चेंडू नाहीसा झाला. पांढरा चेंडू, पांढरी रेषा, उडालेली धूळ. यंत्रानं सगळं एकात कालवलं. दोन्ही संघांचे मिळून पंधरा-वीस कार्यकर्ते जिना चढून वर आले. एकजण म्हणत होता गोल झाला, दुसरा म्हणत होता चेंडू आत गेलेलाच नाही, आणि दोघंही पुरावा म्हणून एकच व्हिडिओ दाखवत होते. साहेब केबिनमधून बाहेर आले नाहीत. शैलाताईंनी मूळ चित्रीकरण उघडलं, त्या क्षणावर थांबवलं आणि टीव्हीवर लावलं. चेंडू रेषेच्या पार आत होता. हरलेले गप्प झाले. तेव्हा शैलाताई जिंकलेल्यांकडं वळल्या. “लई नाचू नका पावणं. तुमचा गोलकीपर पुढच्या मिनिटाला बूट बांधत बसलाय, ते पण हाय ह्यात.” माणसं हसत जिना उतरली. साहेबांसाठी मात्र त्यांच्याकडं हसू नव्हतं. केबिनच्या दारातून त्या म्हणाल्या, “सायब, बटण दाबायला बोट लागतंय. कुठलं दाबायचं त्याला डोळे लागत्यात.”

एवढं ऐकूनही साहेबांनी त्यांना का ठेवलं होतं, असा प्रश्न पडेल. उत्तर साधं आहे. त्यांनी तयार केलेले व्हिडिओ चालायचे.

मग कर्णबधिर मुलांच्या शाळेचं काम आलं, आणि मला शैलाताईंबद्दल लिहावंसं वाटतं ते खरं या कामामुळं. शाळा एका ट्रस्टची. दहावीची सात मुलं होती, त्यातली तिघं इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या घरांतली, बाकीची लांबच्या खेड्यांतली. त्यांना घरी बसून उजळणी करता यावी म्हणून गणिताचे तीस धडे खुणांच्या भाषेत हवे होते. शिकवणार होत्या पद्मजा मगदूम मॅडम. त्या स्वतः कर्णबधिर. वर्गात हातांनी शिकवायच्या आणि आमच्याशी वहीत लिहून बोलायच्या. त्यांचं अक्षर टपोरं होतं आणि वाक्यं तोकडी. पहिल्याच भेटीत त्यांनी लिहिलं, ‘मुलांचे फोन साधे आहेत. बोटे स्पष्ट दिसली पाहिजेत.’

साहेबांनी ते वाचलं, मान डोलावली आणि जे करायचं तेच केलं. मॅडमना मोठ्या फुलांची साडी नेसायला लावली. मागं हलणारे आकडे, फिरणारे त्रिकोण, सरकणारे ढग टाकले. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला चाळीस सेकंद पन्हाळ्याची ड्रोनमधली दृश्यं. आणि पूर्ण धडाभर मागं व्हायोलिन. कर्णबधिर मुलांच्या गणिताला व्हायोलिन. त्या बैठकीला मी हजर होतो. संगीत हळवं असावं, असं मीच सुचवलं होतं.

शैलाताई तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यानं पंधरा दिवस रजेवर होत्या. फायली फार मोठ्या झाल्या म्हणून साहेबांनी एका तयार सॉफ्टवेअरला ‘लहान कर’ सांगितलं. सॉफ्टवेअरनं सेकंदातली निम्मी चित्रं काढून टाकली आणि उरलेल्यांची धार घालवली. तीसच्या तीस धडे आमच्या वेबसाइटवर चढले. पाहुण्यांना बोलावून समारंभ झाला.

तीन आठवड्यांनी पद्मजा मॅडम स्टुडिओत आल्या. त्यांनी साहेबांच्या टेबलावर सात वह्या उघडून ठेवल्या. सातव्या धड्यातलं एकच गणित. सातही मुलांनी पहिल्याच ओळीत तीनच्या जागी चार लिहिलं होतं आणि पुढं सगळं बिनचूक सोडवून ती चुकीच्या उत्तरावर पोचली होती. मॅडमनी व्हिडिओ लावून दाखवला. त्यांचा हात वर जात होता, मागं त्रिकोण फिरत होता आणि बोटांचा एक गुलाबी पट्टा तयार होत होता. तीन की चार, ते कुणालाही सांगता आलं नसतं. मॅडमनी वहीत लिहिलं, ‘मुलांना वाटले मी चुकीचे शिकवते.’

साहेब म्हणाले, “नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.” मॅडमनी त्यांच्या ओठांवरून ते वाचलं आणि वही मिटली.

शैलाताई कामावर परतल्या होत्या. त्यांनी वह्या आपल्या टेबलावर नेल्या, सातही चाळल्या. नंतर माझ्याकडं बघितलं. “ओ लेखक, व्हायोलिन कुणासाठी हाय?”

मी त्यातली एक वही उचलून चाळायला लागलो.

त्यांनी साहेबांची परवानगी मागितली नाही, सांगितलं. सगळे धडे परत चित्रित करायचे. मागं साधा काळा पडदा, मॅडमना बिनफुलांची निळी साडी, अंगाला पुरेसा उजेड, कॅमेरा जागचा हलणार नाही. पन्हाळा बंद, ढग बंद. “पडदा काळा हाय म्हणजे त्याला काय लागत न्हाय. सगळं हातांला द्यायचं. चित्राचा आकार बारका झाला तर चालंल, पण चित्रं कमी करायची न्हाईत. बोट उचलताना दिसलं पाहिजे, उचललेलं नुसतं दिसून काय उपयोग?” ट्रस्टचा रोष नको म्हणून साहेब कबूल झाले. नऊ दिवस चित्रीकरण चाललं. शैलाताई रोज तयार झालेला एकेक धडा बारीक करायच्या, पद्मजा मॅडमना तडा गेलेल्या फोनवर दाखवायच्या, आणि मॅडम मान हलवायच्या, हो किंवा नाही. पहिल्या धड्याला मॅडम अकरा वेळा ‘नाही’ म्हणाल्या. शैलाताईंनी अकरा वेळा परत केला. आमच्यापैकी कुणी दोनदा ‘नाही’ म्हटलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं, याचा मी विचार करत होतो.

एका गोष्टीवर दोघींचं अडलं. शैलाताईंनी आवाजाची पट्टीच काढून टाकली होती. मी लिहिलेलं आणि एका बाईंनी वाचलेलं निवेदन त्यात होतं. “ऐकणार कोण?” असं त्यांचं म्हणणं. पद्मजा मॅडमनी फोनवर तळवा ठेवून थरथर जाणवते का बघितलं, स्टुडिओतल्या एका मुलीला तो कानाला लावायची खूण करून खात्री करून घेतली आणि वहीत लिहिलं, ‘आवाज हवा. मुलांच्या आया शेजारी बसतात. त्यांना खुणा येत नाहीत. त्या ऐकून शिकतात आणि मग मुलांना मदत करतात.’

शैलाताईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “मी चुकलो.” सहा वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्या एकदाच ऐकला. मॅडमना ओठ नीट दिसावेत म्हणून त्यांनी तो सावकाश, समोर वळून उच्चारला. मग व्हायोलिन काढून निवेदन तेवढं परत घातलं, अगदी बारीक करून, पण शब्द कळतील असं.

नवे धडे चढले. शिरगावच्या पुढंही चालले. मॅडमनी सात वह्या परत आणून दाखवल्या. तीनच्या जागी तीन होता.

आणि महिन्याभरात साहेबांनी ते सगळे काढून जुने, पन्हाळ्याचे धडे परत लावले. ट्रस्टचे पुण्यातले लोक बघणार होते आणि काळ्या पडद्यापुढची निळ्या साडीतली बाई साहेबांना गरीब दिसत होती.

शैलाताईंना ते एसटीत कळलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पिशवी खांद्यालाच ठेवून खुर्चीत बसल्या आणि तीसही धडे बदलून टाकले. साहेबांच्या लक्षात यायला तीन दिवस लागले. ते सगळ्यांसमोर त्यांच्या टेबलापाशी आले.

“कुणाला विचारून बदललंत?”

“कुणाला न्हाय.”

“पुण्याची माणसं हे बघणार आहेत शैलाताई. त्यांच्यापुढं आपली काय इज्जत राहील?”

“पुण्याच्या माणसांला गणित येतंय की. त्यांनी बघायची गरज न्हाय.”

“हे काम आता सॉफ्टवेअर एका क्लिकवर करतं. तुम्हाला ठेवलंय ते जुन्या ओळखीवर.”

शैलाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. “त्या क्लिकनं सात पोरं चुकली. आणि त्यांला वाटलं, त्यांची बाई चुकली. तुम्हाला त्याचं कायच वाटत न्हाय, तर मग करा क्लिक.” त्यांनी डबा, चार्जर आणि वाचायचा दुसरा चष्मा पिशवीत भरला. दारापाशी थांबून त्या माझ्याकडं वळल्या. “ओ लेखक, तुम्ही तरी बोलायचं की.”

सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं असेल तर ते एवढंच. मी कीबोर्डकडं बघत राहिलो.

साहेबांनी जुने धडे परत लावले. त्या वर्षी ‘समाजाभिमुख उपक्रम’ म्हणून त्यांना एक ढाल मिळाली. मानपत्राचा मजकूर माझा होता. ‘साहेबांच्या दूरदृष्टीतून’ असं एक वाक्य त्यात आहे. ते मी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. दुसऱ्यांचा तिरस्कार करणं मला शैलाताईंकडून छान शिकता आलं. तो करायचा हक्क कशातून येतो, ते मात्र शिकायचं राहिलं.

शाळेनं आपला मार्ग काढला. शैलाताईंनी आपले तीसही धडे पद्मजा मॅडमना दिले, मॅडमनी ते मुलांच्या फोनमध्ये घातले आणि वेबसाइटचं नाव काढलं नाही. सातही मुलं पास झाली. व्हिडिओमुळं झाली असं मी म्हणणार नाही, मॅडम वर्षभर त्यांच्या मागं होत्या. पुढं शैलाताई आठवड्यातून दोनदा कागलहून त्या शाळेत जायला लागल्या, विज्ञानाचे धडे करायला. मीही वर्षभरात स्टुडिओ सोडला. निषेध म्हणून नव्हे, दुसरीकडं बरी नोकरी मिळाली म्हणून.

परवा मी आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. बाकावर शैलाताई बसल्या होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो तरी त्यांनी ओळखलं नाही. बोललो तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली.

“ओ लेखक. अजून लिहितायसा व्हय?”

“हो. तुमचं काय झालंय?”

“मोतीबिंदू. दोन्हीकडं. सगळं तुमच्या सायबांच्या व्हिडिओगत दिसायला लागलंय.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. शाळेचं काम कसं चाललंय असं विचारल्यावर म्हणाल्या, “थांबवलोय. बोटं कळंनात. पद्मजा व्हय म्हणती तरी मला खात्री वाटंना. ऑपरेशन झाल्यावर बघू.” मग पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या, “मानपत्र ऐकलो मी. कुणीतरी फोनवर धाडलं होतं. आवाज सोच्छ होता.”

मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. मी हात पुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला आणि भिंतीच्या कडेनं आत गेल्या. दार उघडंच होतं. खुर्चीत बसवून डॉक्टरबाईंनी त्यांचा एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची ओळ वाचायला सांगितली. तरुण होत्या, बोलणं गोड होतं.

“वरची मोठी अक्षरं दिसतायत. खालची न्हाईत,” शैलाताई म्हणाल्या. “तक्ता खराब हाय तुमचा. कडा फुटल्यात.”

“तक्ता नवीन आहे मावशी.”

“नवीन असंल. छपाई खराब हाय. जवळ जाऊन बघा.”

डॉक्टरबाई खरोखरच उठल्या आणि तक्त्याजवळ जाऊन बघून आल्या. मीही दारातून बघितलं. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, अगदी खालच्या ओळीपर्यंत, एकेक रेघ स्वच्छ होती. शैलाताई ताठ बसून उत्तराची वाट बघत होत्या.

“हो,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “थोडी खराब आहे.”

“मग बदला की,” शैलाताई म्हणाल्या, आणि दुसरा डोळा त्यांनी स्वतःच हातानं झाकला.